शूऽऽ

प्रणाली साडेआठला येते नाइट करून.
चपला बाहेरच काढते, हातात धरून आत आणते,
आंघोळ, अर्धा कप चहा,
आणि भिंतीकडे तोंड करून झोपते.
मग मी दुकान उघडेपर्यंत
काळाचौकीच्या आमच्या एका खोलीत
आवाज करायचा नाही.

हे शर्वीला सांगितलंय.
शर्वी दोन वर्षं चार महिन्यांची आहे.
तिने ओठांवर बोट ठेवलं
आणि "शूऽऽऽ" म्हणाली
इतक्या जोरात, की खाली पाववाल्याने सायकल थांबवून
तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं.

म्हणून मी बिनआवाजाचे उद्योग शोधत असतो.
डाळ या वाटीतून त्या वाटीत, हा खेळ पहिल्याच दिवशी बाद.
मसूर स्टीलच्या ताटात पडली
तेव्हा कळलं ती किती बोलकी असते.
फुगे बाद, कारण सांगायला नको.
कागद फाडणं चालतं, पण हळू,
आणि हळू हा शब्द शर्वीला अजून आलेला नाही.
कणीक चालते. कणीक मुकी.
तिचे साप होतात, सापांचे लाडू, लाडवांचे परत साप,
शेवटी जी करडी चानकी उरते
ती माझ्या डब्यात घालायची असते.

आज भेंडी.
देठापासून दोन बोटं सोडून आडवी कापली
की आत पाच पाकळ्यांचं फूल तयारच असतं.
रंग घरातले, कारण ती आधी चाखते, मग रंगवते:
पाण्यात कालवलेली हळद, किसून पिळलेलं बीट.
कागद माझ्या दुकानातले.
झेरॉक्स रोज बिघडतात, शाई पसरते, पान तिरकं जातं,
पाठकोऱ्यांचा गठ्ठा मी घरी आणतो.
कुणाचं भाडेपत्र, कुणाचा दहावीचा दाखला,
दोन भावांच्या वाटणीची सात पानं,
त्यांच्या पाठीवर शर्वी
भेंडी बुडवते आणि ठेवते.

ठेवते कसली, आपटते.
मी खाली टॉवेल घातलाय, चार घड्यांचा.

पहिलं फूल उमटलं
तेव्हा तिने भेंडीला डोळा लावून पाहिलं,
आतलं गेलं की काय.
होतं.
दुसरं उमटवलं, परत पाहिलं.
संपत नाही हे कळल्यावर
ती हसलीबिसली नाही, कामाला लागली.

मी खुणेने सांगत होतो: ओळीत छाप, समास सोड.
धंद्याची सवय.
तिने एकाच जागी सतरा फुलं छापली,
एकावर एक,
दोन भावांची वाटणी भिजून फाटेपर्यंत.

दूध वर आलं म्हणून उठलो.
गॅस बंद करायचीही एक मुकी पद्धत असते, बटण दाबून, मग फिरवून.
वळलो तर शर्वी टॉवेलपाशी नव्हती.
चादरीबाहेर आलेल्या पावलाजवळ उकिडवी बसली होती,
कोपरापर्यंत बीट, हातात भेंडी.
बोलता येईना. नियम माझाच.
ओढावं तर ती रडणार.

तिने घोट्याच्या हाडाखाली ती ठेवली.
आपटली नाही. ठेवली.
उचलली, वाकून पाहिलं, फुंकर घातली,
आणि माझ्याकडे लाल बोट उभं करून
नुसते ओठ हलवले.

प्रणालीने झोपेतच पाय आत ओढला.

संध्याकाळी चादरीच्या डागावरून मला ऐकावं लागलं.
लिंबू चोळलं, साबण चोळला, चादरीला.
पायाचं काही बोलली नाही,
वरून पांढरा मोजा चढवला आणि गेली ड्युटीवर.

रात्री पावणेतीनला मोबाइल उजळला.
फोटो: मोजा खाली सरकवलेला,
वॉर्डातली फरशी, पलंगाचं एक चाक,
आणि विटकरी झालेलं, चार पाकळ्या राहिलेलं फूल.
खाली काही लिहिलेलं नव्हतं.

मी आवाज बंद करून ठेवला, शर्वीची लाथ पोटात.
उद्या बटाटा.
बटाट्यात आधीपासून काही नसतं,
कोरावं लागतं. बघू.